एक कणही बसू दिला नाही

टापटीपरावांच्या हातात मळकं फडकं कधी कुणी पाहिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एवढं असं, की माणूस तेवीस वर्षं दगड कापायच्या कारखान्यात कामाला होता. तिथे सकाळी काळ्याभोर केसांनी आत गेलेला माणूस दुपारी डबा उघडतो तेव्हा म्हातारा दिसतो. चहा ठेवून दोन मिनिटं इकडेतिकडे पाहिलं की चहावर साय धरते, आणि ती दुधाची नसते. अशा ठिकाणी हे गृहस्थ रोज घडी घातलेली दोन फडकी घेऊन जायचे, एक हत्यारांसाठी आणि एक चष्म्यासाठी, आणि संध्याकाळी दोन्ही धुऊन दोरीवर टाकल्याशिवाय स्वतःचे हातपाय धूत नसत. टापटीपराव हे नाव कारखान्यातल्या कुणीतरी चिडवायला ठेवलं होतं. ते असं चिकटलं की पुढे मालकही त्याच नावाने हाक मारू लागला, आणि यांना राग यायचा सोडून उलट अभिमानच वाटायचा.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. दगडही खाणीतून निघालेला नव्हे, बनवलेला. दगडाची पूड, डिंकासारखं काहीतरी आणि रंग एकत्र दाबून केलेली लादी. नव्या घरांत स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि बेसिनभोवती बसवतात ना, चकचकीत, जिच्यावर कसला डाग म्हणून पडत नाही, तीच. टापटीपरावांचं काम बेसिनचा खड्डा कापायचं. लादीवर पेन्सिलीने लंबगोल काढायचा आणि त्या रेघेवरून कटर फिरवायचा, कोरडा. पाणी सोडून कापलं तर धूळ उडत नाही हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण पाण्याने राडा होतो, पेन्सिलीची रेघ पुसते, आणि मालकाच्या मते वेळ जातो. खरं सांगायचं तर पाण्याच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांत टापटीपराव पहिले. एकदा कुणीतरी नळी लावून पाहिली होती, तर यांनी दिवसभर तोंड वाकडं केलं. तो चिखल, ते पायांचे ठसे! त्यापेक्षा धूळ बरी, झटकली की गेली. सुट्टी झाली की हवेच्या पाइपने सगळे एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवायचे आणि पुन्हा आपापल्या वयाचे होऊन घरी जायचे. उडालेली ती धूळ कुठे जाते, हे त्यांनीही कधी विचारलं नाही.

हत्यारांच्या बाबतीत मात्र शिस्त कडक. टेप, काटकोन, पाणसळ, लाल उजेडाची रेघ पाडणारं ते नवं यंत्र, सगळं फडक्यात गुंडाळलेलं. हवं तेवढं बाहेर काढायचं, माप घ्यायचं, लगेच झाकायचं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला त्यांचं व्याख्यान ऐकावंच लागे. धूळ बसलेलं माप खोटं बोलतं, टेपवर थर बसला की एखादं सूत इकडचं तिकडे होतं, आणि बेसिनच्या खड्ड्यात एक सूत चुकलं की अख्खी लादी गेली. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही लादी वाया गेली नव्हती, आणि ही गोष्ट ते दर आठवड्याला कुणाला ना कुणाला पकडून ऐकवायचेच.

जावई त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आधी तो गाडीवर लाद्या चढवायचा-उतरवायचा. उंचापुरा, हसरा, तोंडाचा पट्टा सतत चालू. टापटीपरावांच्या मनात तो भरला. त्यांनी मालकाकडे शब्द टाकून त्याला कटरवर घेतला आणि वर्षभराने आपली एकुलती एक, आईवेगळी मुलगी त्याला दिली. आधी त्याला कारखान्यात आणला आणि मग घरात, दोन्ही स्वतःच्या हाताने. दोन खोल्यांत तिघं राहायची, आणि जावई ‘मामा, मामा’ करत सासऱ्याची टर उडवायचा. मामा स्वर्गात गेले तर पहिल्या दिवशी ढग झटकून दोरीवर टाकतील, असं तो येईल त्याला सांगायचा. मुलगी खोटं खोटं रागवायची आणि टापटीपराव चष्मा पुसत गालातल्या गालात हसायचे. तेवढी पाच वर्षं त्या घराची चांगली गेली म्हणायची.

सहाव्या वर्षी जावयाला जिना चढताना मध्ये थांबावं लागू लागलं. मग बुटाची नाडी बांधताना. वय बत्तीस. डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत डाग दिसले, टीबी म्हणून औषधं सुरू झाली. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी औषधं आठ महिने चालली आणि त्या उंचापुऱ्या माणसाचा पार सापळा झाला. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला असा प्रश्न विचारला, जो तोवर एकाही शहाण्याला सुचला नव्हता. कामाला कुठे जाता? उत्तर ऐकून त्यांनी फोटो पुन्हा उजेडावर धरला. मग म्हणाल्या, छातीत दगडाची पूड साठली आहे, याला औषध नाही. पुढे घरी ऑक्सिजनचं यंत्र लागेल. आजार कामातून आला हे सिद्ध झालं तर कामगारांच्या मंडळाकडून यंत्र मिळेल, उपचार मिळतील आणि मागे बायकोला जन्मभर पेन्शन. सिद्ध झालं नाही तर काही नाही. मंडळाने अर्ज वाचला आणि फाटे फोडले. असे डाग टीबीतही दिसतात, तेव्हा आधी त्या कारखान्यात धूळ किती आहे ते मोजून येऊ द्या. झालं! जावयाचा श्वास आणि मुलीचं पुढचं सगळं आयुष्य एका मोजमापावर येऊन ठेपलं.

मोजायचं यंत्र येणार हे कळल्यावर टापटीपरावांनी आदल्या संध्याकाळी मुलीकडे नवं फडकं मागितलं. उद्याचं माप साधं नाही, तिथे जुनं फडकं न्यायला नको, म्हणाले. मुलीने नवऱ्याचा एक जुना मऊ सुती शर्ट कापला, चारी बाजूंनी बारीक टीप घातली, धुऊन वाळवून हातात दिला.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. तिशीच्या असतील. पाठीवर पिशवी आणि नाकावर दोन डब्यांचा मुखवटा, जो बघून अख्खी शेड हसली. तासाभरात त्यांचं नाव मोजणीबाई पडलं. त्यांच्याकडे तीन छोटी यंत्रं होती. कमरेच्या पट्ट्याला लावायची साबणाच्या डबीएवढी पेटी, तिच्यातून निघून पाठीवरून खांद्यावर येणारी नळी, आणि नळीच्या टोकाला कॉलरला चिमट्याने अडकवलेली एक काळी टोपी, बाटलीच्या बुचापेक्षा जरा मोठी. एक यंत्र पॉलिशवाल्याला लावलं, एक दारात माल मोजून घेणाऱ्याला, आणि तिसरं टापटीपरावांना. खरं मोलाचं हेच, कारण सगळ्यात जास्त धूळ त्यांच्या कटरपाशी. बाईंनी बजावलं, यंत्र महाग आहे, जपा. पाणी लागू देऊ नका, धक्का लागू देऊ नका, टोपी उघडू नका, आठ तास अंगावरून काढू नका. टापटीपरावांनी एकेक सूचना बोटांवर मोजून लक्षात ठेवली. जपा म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं होतं!

कटर सुरू झाला. दहा मिनिटांनी त्यांनी मान खाली घालून पाहिलं, तर काळी टोपी पांढरी पडायला लागलेली. असं दिवसभर चाललं तर यंत्र खोटं बोलणार, आणि आज ते खोटं बोललं तर पोरगा हातचा गेला. त्यांनी खिशातलं नवं फडकं काढलं, टोपी अलगद पुसली, चौपदरी घडी तिच्यावर घातली आणि टोपीसकट सगळं ॲप्रनच्या आत सरकवलं. कमरेची पेटी गुरगुरत होती, हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे मोजणं चालू आहे, अशी त्यांनी खात्री करून घेतली. बाई येताना दिसल्या की ते टोपी बाहेर काढून फडकं खिशात ठेवायचे. लपवायला नाही हो, पाहुणा आला की खुर्चीवरचं कापड काढून ठेवतात ना, तसं. बाई टोपी बघायच्या, पेटीवरचा आकडा बघायच्या आणि पुढच्या माणसाकडे जायच्या. मधले दोन-अडीच तास तर मालकाने त्यांना ऑफिसात कागद दाखवत अडकवून ठेवलं. संध्याकाळी यंत्र उतरवताना बाई म्हणाल्या, काका, फार छान सांभाळलंत. टापटीपराव त्या दिवशी घरी आले ते तरंगतच. जावयाच्या उशाशी बसून त्यांनी त्याला सांगितलं, आता बघ, कसं सगळं उघड होतं ते.

तीन आठवड्यांनी उघड झालं. पॉलिशवाल्याची नळी जेवणाच्या सुट्टीत निसटली होती, त्याचं माप रद्द. दारापाशी धूळ कमीच असते. राहिलं टापटीपरावांचं, आणि त्यावर लिहून आलं की कटरपाशी धूळ मर्यादेच्या आत आहे. मंडळाने दोन ओळींत अर्ज फेटाळला, आजाराचा कामाशी संबंध आढळत नाही. जावयाने कागद वाचला आणि विचारलं, मामा, मग मी काय सहा वर्षं तुमच्या लाद्या चोरून खात होतो? तिघंही हसली, आणि मुलगी हसता हसता उठून बाहेर गेली ती बराच वेळ आत आली नाही.

मालकाने तो अहवाल काचेच्या चौकटीत घालून ऑफिसबाहेर टांगला. आता ऐका कमाल. त्या काचेवर रोज धुळीचा थर बसायचा, आणि टापटीपराव रोज सकाळी तो पुसायचे. सवय, दुसरं काय. पुसता पुसता तो आकडा वाचायचे आणि त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं. इतकं जिवापाड जपून केलेलं माप असं निघालंच कसं? मालकाने त्या बाईला फितवलं असणार, असा त्यांनी मनाशी निकाल लावून टाकला आणि तिला मनातल्या मनात लाखोली वाहत ते कामाला लागायचे.

तीच बाई एका सुट्टीच्या दुपारी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी नवऱ्याला तपासणीला घेऊन गेली होती, घरात हे एकटेच. त्यांनी कोरड्या तोंडाने या म्हटलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाई सांगू लागल्या की त्या ऑफिसच्या कामाने आलेल्या नाहीत, स्वतःहून आल्या आहेत. त्या आकड्याने त्यांची झोप उडवली होती. त्या दिवशी पत्र्याच्या भोकातून पडलेल्या उन्हात धूळ पडद्यासारखी लोंबताना त्यांनी पाहिली होती, आणि टोपीतली चकती मात्र जवळजवळ तशीच कोरी. एक तर यंत्र चुकलं, नाही तर डोळे. तेव्हा काका, तो दिवस सकाळपासून मला सांगा, काही गाळू नका.

टापटीपराव सांगायला लागले की काही गाळायचा प्रश्नच नसे. पट्टा कसा बांधला, पाण्याच्या पिंपाजवळून जाताना पेटीवर हात कसा धरला, जेवताना पाठ भिंतीला टेकू दिली नाही, सगळं आलं. बाई लिहून घेत होत्या. “आणि धुळीचं म्हणाल,” ते मान ताठ करून म्हणाले, “तर एक कणही बसू दिला नाही मी त्याच्यावर.”

बाईंचं पेन थांबलं. “कशावर, काका?”

ते उठले, दोरीवरचं पांढरं फडकं घेऊन आले. चार पदर कसे केले, कॉलरवर कसे ठेवले, ॲप्रनच्या आत कसं सरकवलं, हे सगळं त्यांनी स्वतःच्या गळ्याशी करून दाखवलं. बाई बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी सांगितलं की ती टोपी म्हणजे यंत्राचं नाक होतं. तुमच्या नाकात दिवसभरात जेवढी धूळ जाते तेवढीच तिच्यातून आत जायला हवी होती. आतल्या चकतीवर साठलेल्या त्या धुळीचं वजन करतात, तेच माप.

टापटीपराव आधी न कळल्यासारखे हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

“म्हणजे ती मळायला हवी होती?”

“हो, काका.”

बाईंनीच डोकं धरलं. चूक माझी आहे, म्हणाल्या. चार सूचना दिल्या आणि पाचवी दिली नाही. इतकी वर्षं शिकले, इतक्या कारखान्यांत फिरले, पण धूळ मोजायच्या यंत्राला कुणी धुळीपासून जपेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आता तुमचा जबाब घेते, माप रद्द करून घेते, पुन्हा मोजायला लावते. टापटीपराव हो हो म्हणत होते. त्यांच्या हातातलं फडकं एव्हाना चुरगळून गेलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं. जावई भिंतीला दोन उशा लावून बसलेला असे, आडवं झालं की त्याचा जीव घाबरा व्हायचा. मुलगी त्याचे पाय चेपत होती. टापटीपरावांनी आडपडदा ठेवला नाही. माझ्यामुळे झालं, म्हणाले. मी टोपी झाकली. मुलीने विचारलं, कशाने? चुरगळलेलं फडकं त्यांनी पुन्हा दोरीवर टाकलं होतं. तिने दोरीकडे पाहिलं. चारी बाजूंची बारीक टीप तिचीच होती, आणि शर्ट समोर बसलेल्या माणसाचा. ती उठून आत गेली.

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. बोलण्याआधी त्याला दोन-तीन श्वास गोळा करावे लागायचे, ते त्याने केले.

“मामा, तुम्ही यंत्राला झाकलंत,” तो म्हणाला, “मला झाकायचं राहिलं.”

त्याने ते चेष्टेतच म्हटलं होतं, नेहमीसारखं. हसलाही. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने तोंड निळं पडलं, आतून मुलगी धावत आली. पण ते वाक्य टापटीपरावांच्या छातीत जे घुसलं ते कायमचं. तेवीस वर्षं त्यांनी टेप झाकला, पाणसळ झाकली, पेन्सिलीसुद्धा झाकून ठेवल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडावर काही हवं हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नाही. स्वतःच्या नाही, परक्याच्या नाही, आणि ज्याला मुलगी दिली त्याच्याही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फडकी न्यायची सोडली.

मोजणीबाई शब्दाला जागल्या. जबाब गेला, माप रद्द झालं, पुन्हा मोजायचा हुकूम निघाला. फक्त हुकूम निघायला चार महिने लागले, आणि मालक काही दूधखुळा नव्हता. जे वीस वर्षांत झालं नाही ते त्याने आठ दिवसांत केलं. प्रत्येक कटरला पाण्याची नळी आली, भिंतीत मोठाले पंखे आले, तुळयांवरचा वर्षानुवर्षांचा थर धुऊन निघाला. त्या धुण्यात टापटीपरावांनाही उभं केलं होतं. हातात नळी धरून ते वरून वाहणारं राखाडी पाणी गटारात जाताना बघत होते. जावयाच्या बाजूचा होता नव्हता तो साक्षीदार वाहून चालला होता आणि नळी यांच्याच हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली. मुकादमाने ओरडून पुन्हा उचलायला लावली.

दुसऱ्यांदा यंत्र लावलं त्या दिवशी ते आठ तास कोपरं अंगापासून लांब धरून वावरले, हात चुकूनही टोपीकडे जाऊ नये म्हणून. पाण्याने गाऱ्यासारखं झालेलं पीठ पायांवर उडत होतं, पेन्सिलीची रेघ पुसत होती, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची लादी एका सुताने चुकली. माप अगदी खरं निघालं. धूळ मर्यादेच्या आत. यावेळी खोटं काहीच नव्हतं, फक्त जावई श्वास घेत होता त्या हवेचं ते माप नव्हतं. मालकाच्या वकिलाने वर लिहून दिलं की फडक्याची गोष्ट सासऱ्याने जावयासाठी मागाहून रचली आहे, आणि मंडळाने प्रकरण बंद केलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी जावई गेला. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा तिला आधी वाटलं, आज श्वासाचा आवाज कमी आहे, बरं वाटतंय वाटतं.

मोजणीबाई भेटायला आल्या होत्या. निघताना त्यांनी टापटीपरावांना दाराबाहेर बोलावून सांगितलं की एक वाट अजून आहे. त्याच शेडमधल्या, त्याच काळातल्या दुसऱ्या कामगाराच्या छातीत तेच डाग निघाले आणि त्याला टीबी नाही हे सिद्ध झालं, तर मंडळाला प्रकरण पुन्हा उघडावं लागेल. टापटीपराव एकेकाला विचारत फिरले. पॉलिशवाला म्हणाला, डाग निघाले तर मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, मग पोरांना काय घालू? दुसऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांना तरी काय बोलणार? तेही पोटासाठीच मूग गिळून गप्प होते.

राहिले टापटीपराव. दोन वर्षं त्यांचा घसा खवखवत होता. खवखव हा त्यांचा शब्द, मुलगी त्याला खोकला म्हणायची. ना बिडी, ना तंबाखू. एवढे दिवस फोटो काढायला ते घाबरत होते. आता वेगळीच भीती होती, फोटो कोरा निघाला तर? मग सगळे म्हणणार, तेवीस वर्षं तीच धूळ खाल्लेला सासरा ठणठणीत आहे, तेव्हा जावयाचं दुखणं जावयाचं. इस्पितळातल्या बाकावर ते दोन तास बसले होते. माणसं तिथे बसून काय मागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हे बरोबर उलटं मागत होते.

डॉक्टरीणबाई त्याच. त्यांनी फोटो उजेडावर लावला, थुंकीचे अहवाल तीनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. सांगायला जड जातंय, पण तुमच्याही छातीत तेच आहे, म्हणाल्या, आणि बरंच पसरलंय.

टापटीपराव खुर्चीत पुढे सरकले.

“नक्की ना?”

“हो. नक्की.”

“पुन्हा कुणी टीबी म्हणणार नाही ना?”

बाईंनी नुसतीच मान हलवली. त्या खुर्चीत बसून हे ऐकल्यावर असा चेहरा खुललेला त्यांनी कधी पाहिला नसेल.

फोटोचं पाकीट त्यांनी शर्टाच्या आत धरून घरी आणलं. मुलगी खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. आता ती दुसऱ्यांचे कपडे शिवायची, टिपा घालायची. तिने मशीन थांबवलं, फोटो काढून खिडकीच्या उजेडात धरला. दीड वर्षात ती असले फोटो वाचायला शिकली होती. दोन्ही बाजूंना वर, पांढरे ठिपके, ओळखीचे. तिला वाटलं, बाबांनी नवऱ्याचाच जुना फोटो कुठून तरी आणला.

“हा कुणाचा?”

“माझा,” टापटीपराव म्हणाले, आणि मग एका दमात बोलत सुटले. बघ, अगदी त्याच्यासारखेच आहेत की नाही, टीबी नाही असं लिहूनच घेतलंय, मोजणीबाई म्हणतात आता मंडळाला मानावंच लागेल, तुझं पेन्शन आता कुणाचा बाप अडवत नाही. बोलता बोलता त्यांना धाप लागली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, बरोबर तिथेच, जिथे दोन उशा असायच्या. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिने फोटो मशीनवर उलटा ठेवला.

“मला नको हा पुरावा, बाबा.”

“अगं, दुसरा नाहीये आपल्याकडे,” ते म्हणाले. त्यांनी पुढे होऊन फोटो उचलला, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून फक्त कडांना धरला आणि पुन्हा तिच्या हातात दिला.